काचेवरचा बर्फाळ उतार

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील हवा सौम्य आणि हिवाळा सुखद असतो. थंडीचा नोंदलेला नीचांक ७.८ अंश सेल्सिअस असून तोही १८८४ च्या जानेवारीतला आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी माणसाला हे शहर परिचित आहे. परंतु बर्फ हा काही तेथल्या हवामानाचा विषय नव्हे. असे असूनही गेल्या काही वर्षांत जगातील घराघरांत पोचलेल्या व्हिडिओ खेळांच्या बर्फात या शहराचा वाटा आहे. परदेशातील एखादा तरुण आपल्या घरच्या पडद्यावर हिमाच्छादित डोंगर पाहतो, तेव्हा त्यातील एखादे झाड किंवा एखादा खडक बंगळूरच्या चित्रकाराने घडविलेला असू शकतो. ज्या हातांनी बर्फ कदाचित कधी उचललाही नाही, त्या हातांनी बर्फाचे डोंगर रचावेत, हे कसे घडले? याचे उत्तर शोधावयाचे तर या कलेच्या आरंभापाशी, म्हणजे जपानी घरगुती यंत्रांवरील जुन्या, साध्यासुध्या स्कीइंगच्या खेळापाशी जावे लागते.

पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची विद्या मूळची थंड प्रदेशांतली. प्रवासाची गरज म्हणून ती जन्मली आणि पुढे क्रीडा झाली. आपल्याकडे ती काश्मिरातील गुलमर्ग किंवा उत्तराखंडातील औली येथे पाहावयास मिळते. या क्रीडेतील 'स्लॅलम' हा प्रकार विशेष प्रसिद्ध आहे. शब्द नॉर्वेचा, किंचित उतरती जमीन आणि तिच्यावर उमटलेला घसरणीचा माग, अशा दोन अर्थांच्या संयोगातून तो बनला. उतारावर ठरावीक अंतराने निशाणांच्या जोड्या रोवलेल्या असतात. स्पर्धकाने नागमोडी वळणे घेत प्रत्येक जोडीतून गेले पाहिजे आणि कमीत कमी वेळात पायथा गाठला पाहिजे. वेग वाढविला तर वळण चुकते, वळण सांभाळले तर वेळ जातो. या एका द्वंद्वातच खेळाचे सारे नाट्य साठविलेले आहे.

जपानला ही विद्या शिकविली ती ऑस्ट्रियाच्या सैन्यातील मेजर थिओडोर फॉन लेर्च याने. १९११ च्या जानेवारीत नीगाता प्रांतातील ताकादा येथे त्याने जपानी सैनिकांना पहिले पाठ दिले. १९७२ मध्ये साप्पोरो येथे हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. तेथे स्की-उडीच्या एका स्पर्धेत सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके जपानी खेळाडूंनीच पटकावली. १९८० च्या दशकात तर सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जाऊन घसरणे हे तेथील शहरी तरुणांचे मोठे वेड बनले. तेव्हा जपानी खेळ-निर्मात्यांनी हा विषय उचलला यात नवल नाही. टाइटो या कंपनीने १९८१ मध्ये 'अल्पाइन स्की' नावाचा, नाणे टाकून खेळावयाचा खेळ काढला. त्यात उताराची शर्यत, स्लॅलम आणि उडी असे तिन्ही प्रकार होते. अमेरिकेत त्याच्या आदल्या वर्षी, १९८० मध्ये, बॉब व्हाइटहेड यांनी अटारीच्या घरगुती यंत्रासाठी 'स्कीइंग' हा खेळ रचला होता. त्या यंत्राची चालती स्मृती अवघी १२८ बाइटांची होती.

दुबळ्या यंत्रांवर हाच खेळ इतक्या लवकर का अवतरला, याला कारण आहे. स्कीइंगमध्ये दिशा एकच, ती खाली जाण्याची. खेळणाऱ्याच्या हाती उरते ते डावे-उजवे वळणे आणि वेग कमी-अधिक करणे. ना शत्रूची चाल, ना संवाद, ना कथा. शिवाय यंत्राला घसरणाऱ्या माणसाला खाली न्यावेच लागत नाही. तो पडद्यावर जवळजवळ एकाच उंचीवर राहतो आणि सरकते ती जमीन. आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्या मुलाला झाडे मागे पळताना दिसतात; त्याच समजुतीवर हा सारा खेळ उभा आहे. निशाणे आणि झाडे खालून वर येत राहिली की डोळा स्वतःच निष्कर्ष काढतो, माणूस उतरतो आहे.

ही समजूत घडविणारे सर्वांत प्रसिद्ध जपानी यंत्र म्हणजे निन्तेन्दो कंपनीचा 'फॅमिली कॉम्प्युटर' ऊर्फ 'फॅमिकॉम'. मासायुकी उएमुरा यांनी रचना केलेले हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानात १४,८०० येनांना विक्रीस आले. १९८५ पासून ते अमेरिकेत 'निन्तेन्दो एंटरटेनमेंट सिस्टिम' या नावाने मिळू लागले. त्याच्या गणकाची गती सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोके होती आणि कामाची स्मृती २ किलोबाइट, म्हणजे पुस्तकाच्या एखाद्या पानात मावतील एवढी अक्षरे. पडदा २५६ बिंदू रुंद आणि २४० बिंदू उंच. या प्रत्येक बिंदूचा रंग स्वतंत्रपणे लक्षात ठेवायचा म्हटले असते, तर साठ हजारांहून अधिक नोंदी लागल्या असत्या. तेवढी स्मृती यंत्रापाशी मुळीच नव्हती.

तेव्हा अभियंत्यांनी कापड छापणाऱ्यांची युक्ती वापरली. छिटाच्या कापडावर प्रत्येक फूल हाताने काढत नाहीत. लाकडी ठसे कोरतात आणि तेच पुन्हा पुन्हा उमटवितात. फॅमिकॉममध्ये ८ बिंदू रुंद आणि ८ बिंदू उंच असे चौकोनी ठसे असत. पार्श्वभूमीसाठी एका वेळी २५६ ठसे हाताशी. पडदा ३२ स्तंभ आणि ३० ओळींत विभागलेला, म्हणजे एकूण ९६० घरे. प्रत्येक घरात कोणत्या क्रमांकाचा ठसा उमटवावयाचा, एवढेच यंत्राला लक्षात ठेवावे लागे. रंगांच्या माहितीसाठी आणखी ६४ बाइट. अशा रीतीने एका पूर्ण दृश्याची नोंद १,०२४ बाइटांत संपे. चित्रासाठी असलेल्या २ किलोबाइटांत अशी दोन दृश्ये मावत.

आता जमीन सरकवावयाची कशी? सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने उमटत असताना प्रत्येक वेळी ९६० घरे पुन्हा भरण्यास यंत्राला उसंत नव्हती. त्यावरचा उपायही सुटसुटीत होता. चित्र कोणत्या ओळीपासून दाखवावयास आरंभ करावा, हे सांगणारा एक आकडा यंत्रात असे. तो एकेका बिंदूने वाढवीत नेला की सारा उतार वर सरके. दोन रुळांवर गुंडाळलेला लांब पट एका बाजूने उलगडावा आणि दुसऱ्या बाजूने गुंडाळावा, तसाच हा प्रकार. पडद्याबाहेर गेलेल्या ओळीच्या जागी पुढची नवी ओळ गुपचूप भरून ठेवावयाची, एवढेच काम उरे.

तेही वाटेल तेव्हा करता येत नसे. जुन्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनांचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक रेघ ओढीत खाली येतो आणि तळाशी पोचल्यावर पुन्हा वर जातो. झोत रेघा ओढीत असताना चित्राच्या स्मृतीला हात लावला तर दृश्य विस्कटे. म्हणून झोत परतण्याच्या अवधीतच, सुमारे २,२७० ठोक्यांत, बदल उरकावे लागत. संगीत नाटकात दोन प्रवेशांच्या मधल्या पडद्याआड रंगमंचावरील माणसे राजवाडा काढून अरण्य उभे करीत. फॅमिकॉमचा कार्यक्रमकार हेच काम सेकंदाला ६० वेळा करीत असे, आणि प्रेक्षकाला पडदा पडल्याचे कळतही नसे.

घसरणारा माणूस, निशाणे, आडवे येणारे अडथळे ही हलती चित्रे पार्श्वभूमीपासून निराळी ठेवलेली असत. तशी ६४ लहान चित्रे एका वेळी पडद्यावर असू शकत. पण अट अशी की एका आडव्या रेघेवर आठांहून अधिक नकोत. एका पंगतीला आठच पाने मांडली आहेत असे समजावे. नववा पाहुणा आला की तो यंत्राला दिसतच नाही. यावर कार्यक्रमकारांनी यजमानाचे कौशल्य योजले. प्रत्येक चित्रागणिक पाहुण्यांचा क्रम बदलावयाचा, म्हणजे कोणी एकच सदा उपाशी राहत नाही. जुन्या खेळांत गर्दी झाली की आकृत्या लुकलुकत, त्याचे हे कारण होते. अनेकांना तो यंत्रातला बिघाड वाटे. प्रत्यक्षात ती वाटून घेतलेली टंचाई असे.

वेगाचे गणितही असेच काटकसरीचे होते. या गणकाला एका वेळी ० ते २५५ एवढेच आकडे हाताळता येत आणि अपूर्णांक ठाऊक नव्हते. घसरणारा माणूस एका चित्रात एक बिंदू सरकला तर फार मंद, आणि दोन सरकला तर फार जलद. मग सव्वा बिंदू कसा सरकावयाचा? त्यासाठी प्रत्येक स्थानाचे दोन भाग करीत, रुपये आणि पैसे यांसारखे. प्रत्येक चित्रात एक रुपया आणि पंचवीस पैसे जमा होतात. पडद्यावर दिसतात ते फक्त रुपये. पैसे आतल्या आत साठत राहतात आणि चौथ्या वेळी त्यांचा एक जादा रुपया होऊन माणूस एकदम दोन बिंदू सरकतो. डोळ्याला हा फरक जाणवत नाही. जाणवते ती सहज वाढणारी गती. या गणकाला गुणाकारही येत नव्हता. तेव्हा वळणांचे आणि उड्यांचे आकडे आधीच काढून त्यांची कोष्टके कॅसेटमध्ये भरून ठेवीत. जुन्या मराठी शाळेत मुले पावकी, निमकी आणि अडीचकी पाठ करीत, ती ऐन वेळी हिशेब करावा लागू नये म्हणून. यंत्राचे पाढेही त्याच गरजेतून आले.

या सगळ्या ओढाताणीत बर्फ मात्र निर्मात्याच्या मदतीला धावून येई. अरण्य दाखवावयाचे तर पानापानांचे ठसे हवेत, नगर दाखवावयाचे तर खिडक्या-दारांचे. बर्फ म्हणजे पांढरी, सलग, रिकामी जागा. यंत्राचा मूळ पार्श्वरंग पांढरा ठरविला की निम्मा डोंगर एकही ठसा न खर्चता तयार होई. त्या रिकामेपणावर चार झाडे आणि दोन निशाणे नेमक्या जागी ठेवली की उरलेला बर्फ, त्याचा गारवा आणि त्याची खोली पाहणाऱ्याचे मन पुरवी. गरीब यंत्राला बर्फासारखा सोयरा नव्हता.

येथे या कथेला एक अनपेक्षित वळण मिळते. निन्तेन्दोच्या या जपानी यंत्रावर स्कीइंगचा जो खेळ पाश्चात्त्य देशांत स्वतः निन्तेन्दोने प्रसिद्ध केला, तो जपानात रचलेला नव्हता. त्याचे नाव 'स्लॅलम'. १९८६ मध्ये तो नाण्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी आणि १९८७ मध्ये घरगुती यंत्रासाठी निघाला. रचणारी संस्था 'रेअर' इंग्लंडातली, टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या दोघा भावांनी स्थापिलेली. आधी इंग्लंडातील घरगुती संगणकांसाठी खेळ लिहिणाऱ्या या भावांच्या हाती फॅमिकॉम पडला. त्याची तांत्रिक माहिती बाहेरच्यांना दिली जात नव्हती. त्यांनी यंत्र उघडले, त्याच्या घटकांचे वर्तन तपासले, ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे स्वतः शोधून काढले, आणि आपले काम निन्तेन्दोला दाखविले. त्या ज्ञानाच्या बळावर त्यांना खेळ रचण्याची अनुमती मिळाली.

'स्लॅलम'मध्ये दृश्य वरून पाहिलेले नाही; घसरणाऱ्याच्या पाठीमागून पाहिलेले आहे. क्षितिजाकडून उतार सामोरा येतो, दूरचे ठिपक्याएवढे झाड जवळ येता येता मोठे होते. तीन पर्वत, प्रत्येकावर आठ मार्ग. वाटेत झाडे, हिममानव आणि दुसरे घसरणारे. उंचवट्यांवरून उडी घेतल्यास हवेत कसरतीची संधी. वस्तूचे चित्र लहान-मोठे करण्याची सोय फॅमिकॉमच्या रचनेत नव्हती. म्हणून अशा खेळांत एकाच झाडाची अनेक आकारांची चित्रे काढून ठेवावी लागत आणि अंतराप्रमाणे ती एकामागून एक दाखवावी लागत. आकार किती ठेवावयाचे याचा निर्णय ठशांची उरलेली संख्या मोजून करावा लागे. म्हणजे झाड काढणारा आणि गती बसविणारा यांना एकमेकांपासून दूर बसून चालतच नव्हते. चित्र, गणित आणि खेळाचा नियम ही एकाच दोरीची तीन पेडे होती. एक सैल केले की दोरी उसवे.

भारतात ही यंत्रे मूळ रूपात क्वचितच आली. आल्या त्या त्यांच्या स्वस्त प्रतिकृती. 'समुराई' आणि मीडिया कंपनीचे 'लिटल मास्टर' ही नावे १९८० च्या दशकाच्या अखेरीस व १९९० च्या दशकात वाढलेल्या पिढीला आठवतील. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि बंगळूरच्या सदर पत्रप्पा रोडवर, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या एस. पी. रोडवर, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे बाजार भरभराटीला आले. त्या काळच्या कॅसेटवर ९९९९ खेळांची जाहिरात असे, आणि आत तेच थोडे खेळ पुन्हा पुन्हा निघत. निन्तेन्दोचा १९८५ चा 'आइस क्लायंबर' हा बर्फाचा पर्वत चढण्याचा खेळ अशा कॅसेटमुळे येथल्या असंख्य मुलांच्या परिचयाचा झाला. एक गंमत अशी की जपानी दूरचित्रवाणी सेकंदाला ६० वेळा चित्र रेखाटते आणि भारतीय ५० वेळा. ज्या खेळाची गती चित्रांच्या संख्येवर बांधलेली असे, तो ५० च्या यंत्रावर सुमारे एक षष्ठांश मंद चाले. जपानातला कडा येथे पोचेपर्यंत जणू थोडा सपाट होई.

पुढे यंत्रे बलाढ्य होत गेली. १९९५ मध्ये नामको कंपनीने 'अल्पाइन रेसर' काढला. त्यात खेळणारा दोन पट्ट्यांवर उभा राहून पायांनीच वळणे घेई, आणि डोंगर हा ठशांचा पट न राहता त्रिमितीतील पृष्ठभागांची रचना झाला होता. १९९८ मध्ये, नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकच्या वर्षी, निन्तेन्दोने 'टेन एटी स्नोबोर्डिंग' आणला. घरगुती यंत्राला आता डोंगराची खरी उंचसखल घडण हाताळता येऊ लागली. त्यानंतरच्या काळात बर्फावर पावलांचे ठसे उमटू लागले, सूर्य कलला की उताराचा रंग बदलू लागला, अंगरख्याची शिवण दिसू लागली. फॅमिकॉमच्या आरंभीच्या कॅसेटमध्ये मोठ्यात मोठा खेळ ४० किलोबाइटांचा असे. आजच्या मोठ्या खेळांना अनेक अब्ज बाइट लागतात. चार-पाच माणसांचे काम शेकडोंचे झाले.

या वाढीबरोबर एक मूलभूत फरक घडून आला. स्मृती विपुल झाल्यावर झाड काढणाऱ्याला ठशांचा हिशेब विचारण्याची गरज उरली नाही. चित्र हे नियमापासून सुटे झाले. आणि जे सुटे करता येते, ते दूर धाडता येते. एका देशात खेळाची कल्पना आणि नियम ठरावेत, आणि त्यातील दगड, झाडे, मोटारी व वेष दुसऱ्या देशात घडावेत, अशी विभागणी शक्य झाली. बंगळूरला हे काम आले ते या फटीतून.

त्या कामाचा आरंभ करणाऱ्यांत 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' या संस्थेचे नाव अग्रभागी आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये बंगळूरला ती स्थापन केली. भारतातील खेळ घडविणाऱ्या अगदी पहिल्या संस्थांत तिची गणना होते. तिच्या चित्रकारांनी पुढे 'फोर्झा' या मोटारशर्यतींच्या मालिकेसारख्या मोठ्या परदेशी खेळांसाठी काम केले. ज्या रेअर संस्थेने १९८७ मध्ये बर्फाचा उतार रचला होता, तिने २०१८ मध्ये 'सी ऑफ थीव्ह्ज' हा समुद्रावरचा खेळ आणला, आणि त्या कामातही ध्रुवचा हातभार होता. इंग्लंडातल्या ज्या संस्थेने जपानी यंत्रासाठी परका हात बनून काम केले, तिलाच तीस वर्षांनी बंगळूरचा परका हात लागला. २०१६ मध्ये ध्रुवचा मोठा हिस्सा स्वीडनच्या स्टारब्रीझने विकत घेतला, आणि २०१९ मध्ये ती रॉकस्टार या अमेरिकी खेळसंस्थेकडे जाऊन तिच्या बंगळूर येथील शाखेत विलीन झाली. याच रॉकस्टारच्या २०१८ मधील 'रेड डेड रिडेम्प्शन टू' या खेळाचा पहिला अध्याय हिमाने वेढलेल्या डोंगरात घडतो. त्या खेळाच्या निर्मितीत संस्थेच्या भारतीय शाखेचाही सहभाग होता. त्यातील कोणता कण कोणत्या शहरात रंगविला गेला, हे आता कोणी निवडून दाखवू शकणार नाही.

या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याला बर्फाचा स्पर्श नाही, त्याने हजारो छायाचित्रे न्याहाळून, ताज्या पडलेल्या बर्फावरची निळसर छाया आणि जुन्या, गोठलेल्या बर्फाची काचेसारखी चमक यांतील भेद आत्मसात करावा, ही साधना आहे. कर्नाटक सरकारने २०१२ मध्ये ॲनिमेशन आणि खेळनिर्मितीसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेही या साधनेतील अर्थकारण ओळखूनच.

तथापि सुटे झालेले काम जसे दूर येऊ शकते, तसे ते दूर जाऊही शकते. २०२५ च्या फेब्रुवारीत पॅरिसस्थित टेक्निकलर समूह कोसळला आणि चित्रपट, ॲनिमेशन व खेळ यांची दृश्ये घडविणारे त्याचे बंगळूरचे मोठे कार्यालय बंद पडले. हजारो कुशल माणसे एकाएकी कामाविना झाली. त्यांच्या हातातील कसब आदल्या दिवशी होते तेवढेच होते. निर्णय मात्र त्यांच्या हातचा नव्हता. पुण्यामुंबईलाही याचा निराळा अनुभव आहे. यूबिसॉफ्टच्या तेथील शाखांकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या खेळाच्या पुनर्निर्मितीची सूत्रे असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले होते; २०२२ मध्ये ती सूत्रे कॅनडातील माँट्रियलच्या शाखेकडे गेली.

म्हणूनच जुन्या 'स्लॅलम'ची कहाणी आज केवळ स्मरणरंजनाची राहत नाही. स्टॅम्पर बंधूही परकेच होते. यंत्र त्यांचे नव्हते, बाजारपेठ त्यांची नव्हती. पण त्यांनी नुसती झाडे काढून धाडली नाहीत. उतार किती तीव्र असावा, वळण कोठे यावे, पडल्यास किती वेळ जावा, हे त्यांनी ठरविले. चित्र उत्कृष्ट असूनही खेळ नीरस होऊ शकतो, आणि चार ठशांचा डोंगरही माणसाला तासन्‌तास गुंतवून ठेवू शकतो. हा फरक नियमाने पडतो. नियम ज्याचा, खेळ त्याचा, हे सूत्र त्या ४० किलोबाइटांच्या जगात जितके खरे होते तितकेच आजही आहे.

या दिशेने भारतीय पावले पडू लागली आहेत. २०१७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने 'राजी' हा खेळ रचला. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसूनही तिने काम सोडले नाही. भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी वास्तुशिल्प, पहाडी चित्रशैली आणि पुराणकथा यांवर उभा असलेला हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम प्रकाशित झाला तो निन्तेन्दोच्याच 'स्विच' या यंत्रावर. त्याच्याही आधी, २००९ मध्ये, हैदराबादेत रचलेल्या 'देसी अड्डा' या खेळाने सोनीच्या प्लेस्टेशन टू या जपानी यंत्रावर कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी आणली होती. जपानी निर्मात्याला स्कीइंग जसे सहज सुचले, तसे येथे विटीदांडू सुचले. सुचण्याची रीत दोन्हीकडे सारखीच.

तेव्हा बंगळूरच्या चित्रकाराने बर्फ रंगवू नये असे कोणी म्हणणार नाही. बर्फाचा खेळ रचण्यासाठी बर्फाच्या प्रदेशात जन्मावे लागत नाही, हे या चाळीसेक वर्षांच्या इतिहासाने पुरेसे दाखविले आहे. मात्र रंगविता रंगविता त्याने एक जुने यंत्र उघडून पाहावे, हे बरे. ठसे मोजून, पंगती लावून, पैशांचे रुपये करीत कोणीतरी त्यात एक पूर्ण डोंगर बसविला होता. आजच्या अवाढव्य कामात जे धागे वेगवेगळ्या खोल्यांत आणि वेगवेगळ्या देशांत विखुरले आहेत, ते तेथे एकाच हातात आलेले दिसतात. ते धागे पुन्हा एकत्र धरण्याची विद्या ज्या शहराने कमावली, त्याला दुसऱ्याच्या डोंगरावरचे झाड होऊन राहण्याचे कारण उरणार नाही. कोणता डोंगर उभारावयाचा, हेही मग तेच शहर ठरवील.